ट्यूब लावली की बरं, सोडली की पुन्हा लाल

प्रश्न: ताई, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला जुलाब झाले, तेव्हा अँटिबायोटिकचं सिरप दिलं होतं. जुलाब थांबले, पण डायपरच्या जागी जे लाल झालं ते आजतागायत गेलं नाही. घराजवळच्या मेडिकल स्टोअरमधून एक ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत साफ, बंद केली की चार दिवसांत पुन्हा तेच. आता जांघेच्या वळ्यांतही लाल आहे आणि आजूबाजूला बारीक पुटकुळ्या आल्यात. मी बँकेत नोकरी करते, दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. त्या म्हणतात, "दिवसभर प्लॅस्टिक बांधून ठेवता पोट्टीले, मंग काय होईन?" त्या वेखंडाची पावडर लावतात, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकतात, जुलाबानंतर अशक्तपणा नको म्हणून मोसंबीचा रस पाजतात. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. रात्री डायपर बदलताना ती इतकी रडते की मलाही रडू येतं. पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांची लस आहे, ती तरी देता येईल का? माझं कुठे चुकतंय?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: पुढे वाचण्याआधी ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव, जोडीला बुरशीवरचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक, असं त्रिकूट तिथे निघालं तर मला नवल वाटणार नाही. ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण लावली की साफ आणि सोडली की पुन्हा, एवढं वर्णन मला पुरे आहे.

त्या पहिल्या नावांना स्टिरॉइड म्हणतात. लाली दाबणं हे स्टिरॉइडचं काम, आणि ते काम ते चोख करतं. लाली कशाने आली याच्याशी मात्र त्याला देणंघेणं नसतं. खाली बुरशी असेल तर वरून कातडी स्वच्छ दिसते आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं, कारण तिला अडवणारी त्वचेची स्वतःची ताकदच स्टिरॉइडने मंद केलेली असते. तुम्ही म्हणाल, ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे ना? आहे. पण दोन दिवसांत रंग निवळला की आपण ट्यूब कपाटात टाकतो, आणि बुरशी दोन दिवसांत मरत नाही. त्यात वरून डायपर. कुठलंही मलम लावून जागा घट्ट झाकली की ते उघड्या जागेपेक्षा बरंच जास्त आत मुरतं. बाळाची कातडी मुळात नाजूक, शिवाय वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठ्या माणसापेक्षा जास्त. हे आठवडेच्या आठवडे चाललं तर तिथली कातडी विरते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि फार दिवस जोरकस स्टिरॉइड लावलं गेलं तर बाळाच्या शरीरात ते नैसर्गिकरीत्या जेवढं बनतं तेही कमी होऊ शकतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांच्या मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या औषधांतून काढलं. तरीही काउंटरवर "बाळाला रॅश आहे" म्हटलं की ट्यूब हातात पडते, हे तुम्ही अनुभवलंच. मेडिकलवाल्याला दुष्ट म्हणायचं कारण नाही. गिऱ्हाईक खूश होऊन परत येतं, त्याला वाटतं औषध लागू पडलं.

स्टिरॉइड म्हणजे विष असाही समज करून घेऊ नका. फार सूज असेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य मलम मोजके दिवस देतात, आणि ते बरोबरच आहे. फरक आहे तो कुणी, काय बघून आणि किती दिवसांसाठी दिलं याचा. तेव्हा या दोन-तीन दिवसांतच बाळाच्या डॉक्टरांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ट्यूब सोबत न्या आणि किती आठवडे, दिवसातून किती वेळा लावली ते स्पष्ट सांगा. ओरडतील म्हणून कमी सांगू नका, त्यावरच पुढचं ठरतं. मध्ये खंड न पडता रोज लावत आला असाल तर ती कशी थांबवायची हेही त्यांनाच विचारा. थांबवल्यावर काही दिवस लाली उसळू शकते. तेव्हा घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडायची नाही. खाजगी डॉक्टरांची फी जड जात असेल तर मेडिकलचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याचा, त्वचारोग विभाग मानेवाड्याहून काही लांब नाही. सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढा, आणि बाळाचं खाणं, लंगोट, एक जास्तीचं दुपटं एवढं पिशवीत असू द्या.

आता बुरशी आहे असं मला का वाटतं ते सांगते. उद्या सकाळी ती नुकती धुतलेली असताना खिडकीजवळ उजेडात दुपट्यावर झोपवा आणि नीट बघा. साधा डायपर रॅश उंचवट्यांवर येतो: ढुंगणाचे गोल, मांडीची आतली बाजू, ओटीपोटाचा खालचा भाग, म्हणजे जिथे ओलं कापड चिकटतं आणि घासतं. जांघेची वळी बोटांनी हलकेच फाकवून बघितली तर तिचा तळ बहुतेक शाबूत असतो, कारण कापड तिथवर पोचतच नाही. बुरशीचं उलट आहे. तिला ती बंद, उबदार, दमट खाच हवीच असते. वळीच्या तळापासून गडद लाल, कडा ठसठशीत, आणि मुख्य चट्ट्यापासून जरा दूर सुटे सुटे लाल ठिपके, कधी वर बारीकशी पापुद्र्याची कड. तुम्ही लिहिलेल्या "बारीक पुटकुळ्या" मला याच वाटतात. सुरुवातही जुळते. अँटिबायोटिकने वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही जातात आणि एरवी कोपऱ्यात गप्प बसलेल्या कँडिडा नावाच्या बुरशीला जागा मिळते. तोंडातही बघा. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे डाग असतील आणि ओल्या कापडाने टिपल्यावर दुधासारखे निघत नसतील, तर तेही डॉक्टरांना दाखवा. अंगावर पाजत असाल आणि स्तनाग्रांना आग होत असेल तर तेही सांगायचं. मग औषध दोघींनाही लागतं, नाहीतर बुरशी एकीकडून दुसरीकडे फिरत राहते.

हे सगळं पत्रावरून. कातडी पत्रात दिसत नाही, म्हणून डॉक्टरांकडे जायचंच. बुरशी ठरली तर बहुधा क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचं साधं मलम मिळेल, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नसतं. ते पातळ लावायचं, आणि लाली गेल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस चालू ठेवायचं. लोक नेमके इथेच सोडतात.

त्याच्यावर दुसरा थर हवा तो झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा. आधी बुरशीचं औषध, ते मुरलं की वरून झिंक. याचा उपयोग औषध म्हणून कमी आणि आडोसा म्हणून जास्त आहे. शी-शू आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी उभं राहायला हवं. पोळीवर तूप फिरवावं तसा हात फिरवून भागत नाही. खालचा लालपणा दिसेनासा होईल इतका जाड थर बसला पाहिजे. आणि पुढच्या वेळी शी पुसताना तो सगळा खरवडून काढायची मुळीच गरज नाही. वरचा घाण झालेला थर तेवढा काढा, उरलेल्यावर नवीन चढवा. रात्रीची रडारड निम्मी याने कमी होईल असं मला वाटतं, कारण ती बहुतेक त्या घासण्याने रडते. दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, कापसाला साधं खोबरेल लावून जुना थर अलगद उतरवला की पुरे. झिंक नसेल तर साधी पेट्रोलियम जेली चालेल, सुगंध नसलेली.

नुसत्या शूने एवढं होत नाही, शीने होतं, आणि दोन्ही एकत्र आले की फार. शीतले जंतू शूमधल्या युरियापासून अमोनिया बनवतात, तिथली आम्लता जाते, आणि शीतले पाचकरस, जे आतड्यात अन्न पचवतात, ते बाहेर कातडीवर कामाला लागतात. ओलाव्याने फुगलेली कातडी त्यांना सहज सापडते. म्हणून शू झाल्यावर थोडा उशीर झाला तर एक वेळ चालेल, शी झाल्यावर पाच मिनिटंही थांबू नये. बाळ झोपलेलं असलं तरी. "आत्ताच झोपली, राहू दे" हा मोह आज्यांनाही होतो आणि आयांनाही.

धुण्याची आपली पद्धत चांगली आहे, ती सोडू नका. हातावर आडवं घेऊन कोमट पाण्याने धुणं हे सुगंधी वाइप्सने दहादा पुसण्यापेक्षा कितीतरी बरं. मुलगी आहे, तेव्हा पाणी आणि हात समोरून मागे. साबण प्रत्येक वेळी नको. नंतर मऊ सुती कापडाने टिपायचं, रगडायचं नाही, वळ्या उघडून टिपायच्या. मग दहा-पंधरा मिनिटं तशीच उघडी. खाली मेणकापड, त्यावर दुपटं, खेळू द्या. दिवसातून तीन-चारदा एवढं जमलं तरी फरक पडतो. मेणकापड अंथरायचं असतं, बाळाला त्यात गुंडाळायचं नसतं. लंगोटावरून रबराची किंवा प्लॅस्टिकची चड्डी घालणं म्हणजेही तेच झालं.

आता तुमच्या घरातला खरा वाद, लंगोट की डायपर. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत आणि तुम्हीही. आजकालच्या डायपरमध्ये जो ओल शोषणारा गर असतो तो शूचं पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कातडी ओल्या लंगोटापेक्षा कोरडी राहते. पण ती कोरडी राहते म्हणूनच आपण निर्धास्त होतो. डायपरवरची पिवळी रेघ निळी होते ना, ती शेंड्यापासून बुडापर्यंत पूर्ण निळी होईस्तोवर थांबणारी कितीतरी घरं आहेत. डायपर महाग पडतात, हे मला कळतं. तरी रॅश आहे तोवर दर दोन-तीन तासांनी बदला, रेघ काहीही म्हणो. मांडीवर इलॅस्टिकचे वळ उठत असतील तर माप लहान झालंय, पुढचा आकार आणा. लालपणा फक्त इलॅस्टिकच्या रेषेवरच असेल तर कंपनी बदलून बघा.

लंगोटात हवा लागते, ओलं झालं की लगेच कळतं, आणि जवळ माणूस असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुमच्याकडे दिवसभर माणूस आहे. म्हणून माझं मत असं, की दिवसा लंगोट सासूबाईंच्या हाती, रात्री आणि बाहेर जाताना डायपर तुमच्या हाती. फक्त आता पावसाळा आहे. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात लंगोट तासाभरात कडक वाळतो. जुलैत गॅलरीच्या दोरीवर दोन दिवस लोंबकळूनही हाताला गार लागतो. तसा अर्धओला, कुबट लंगोट बाळाला बांधणं म्हणजे बुरशीला पाहुणचार. पंख्याखाली वाळवा आणि वर गरम इस्त्री फिरवा. साध्या पावडरीने धुवा, दोनदा खळबळून साबण पूर्ण काढा, कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड लंगोटांना नको. पाऊस लागून बसला आणि वाळतच नसेल तर त्या दिवसांत दिवसाही डायपर घाला, त्यात सासूबाईंची हार नाही. आणि कूलर अजून चालू असेल तर बंद करा. पावसाळ्यात तो खोली थंड करत नाही, नुसती दमट करतो.

सासूबाईंच्या बाकीच्या गोष्टींकडे येते, आणि इथे मी त्यांच्या बाजूने नाही. वेखंडाची पावडर सोललेल्या कातडीवर नको. कुठलीच पावडर नको. ती घामाने आणि शूने भिजून वळीत गोळा होते, मग तोच गोळा कातडीला घासतो. शिवाय उडालेली पावडर बाळाच्या नाकातोंडात जाते ते वेगळंच. बोरिक पावडर कुणी सुचवली तर ती कॅरम बोर्डासाठी ठेवा. सोललेल्या कातडीतून ती अंगात जाते आणि बाळांना विषारी ठरू शकते. आपल्याकडे खाजेवर खोबरेलात कापूर घालून लावायची सवय आहे. तान्ह्या बाळाला कापूर नको म्हणजे नकोच, त्याने झटके येऊ शकतात. मोहरीचं तेल तिथे लावू नका. आंघोळीच्या पाण्यातलं जंतुनाशकही बंद, कातडी त्याने कोरडी पडते आणि चुरचुरते. ज्या बाळाची जागा आधीच सोललेली आहे तिला ते किती झोंबत असेल! टाळू भरणं, मालिश, हे त्यांचं सगळं चालू राहू द्या, रॅशच्या जागेपुरता हात आवरायचा.

मोसंबीच्या रसाचं सांगणं मला जरा अवघड वाटतं, कारण तो प्रेमाने काढलेला असतो. पण वर्षाच्या आत बाळाला फळांचा रस द्यायची गरज नाही. रसातली साखर पोटात पाणी ओढते, शी पातळ आणि वारंवार होते, आणि आधीच सोललेल्या जागी दिवसातून आणखी दोनदा धुणं वाढतं. रॅश बरा होईपर्यंत तरी मोसंबी, संत्रं बाजूला ठेवा. त्याऐवजी केळं कुस्करून, मऊ वरणभात तुपासह, आणि तुमचं दूध. शी अजूनही पातळ असेल तर डॉक्टरांना विचारा, जुलाबात झिंकच्या गोळ्या पूर्ण दिल्या गेल्या होत्या का. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस असा त्याचा कोर्स असतो, आणि जुलाब थांबले की गोळ्याही थांबतात हे घरोघरी होतं. रॅश तोंडाभोवती, हातापायांवरही येत असेल, केस विरळ होत असतील, तर झिंकची कमतरता हे कारणही तपासावं लागतं. हे क्वचित असतं, घाबरवायला सांगत नाही.

हे सगळं सासूबाईंना तुम्ही सांगू नका. डॉक्टरांकडे त्यांनाच घेऊन जा. एक दिवस अर्धी सुट्टी टाका, आणि पोट्टीला मांडीवर घेऊन खुर्चीत त्याच बसू द्या. दिवसाचे आठ-नऊ तास बाळ त्यांच्याकडे असतं, तेव्हा मलम कसं लावायचं ते डॉक्टरांनी त्यांनाच दाखवलेलं बरं. सुनेने मोबाइलवर वाचून सांगितलेलं आणि डॉक्टरांनी "आजी, तुम्ही असं करा" म्हणून सांगितलेलं, यात जमीनअस्मानाचं अंतर असतं. आणि नवऱ्याला "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून सुटता येणार नाही. रात्रीचा एक डायपर त्याचा. लंगोटांना इस्त्रीही त्यालाच करू द्या.

तुमचं कुठे चुकतंय, असं विचारलंत. एवढा हिशेब मांडून पत्र लिहिणाऱ्या बाईचं काय चुकणार? नऊ ते बारा महिन्यांच्या आसपास ही तक्रार सगळ्यात जास्त दिसते. वरचं अन्न सुरू झालेलं असतं, शी बदललेली असते. नोकरी करणाऱ्या आईच्याच बाळाला होते असं काही नाही, घरी असणाऱ्यांच्या बाळांनाही होते.

काही खुणा दिसल्या तर मात्र दोन-तीन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी दाखवा: ताप, पू भरलेले किंवा पाणी धरलेले फोड, मधासारख्या पिवळ्या खपल्या, रक्त येणं, कातडी पापुद्र्यासारखी सुटणं, बाळ मलूल होऊन दूध नाकारणं. शीच्या जागेभोवती तेवढंच लालभडक कडं, शी करताना कळ आणि शीला रक्ताची रेघ असेल तर ते बहुधा जंतूंचं असतं, त्याला मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. आणि नीट उपचार सुरू करूनही आठवडाभरात उतार दिसला नाही तर पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा, दुसरी ट्यूब शोधायला बाहेर पडू नका. सोरायसिससारखी दुसरी कारणं तपासायची ती त्या टप्प्यावर.

राहता राहिली लस. द्या, वेळेवर द्या. डायपर रॅश हे लस लांबवायचं कारण होत नाही, आणि बुरशीचं मलम चालू असलं तरी काही अडत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, आणि ती सुई दंडात देतात, लाल जागेच्या जवळपासही नाही. त्या दिवशी बाळाला ताप असेल किंवा ती एकदम मलूल असेल तर लस देणाऱ्या सिस्टरना आधी सांगा, आणि लसीकरणाचं कार्ड न्यायला विसरू नका.